समासात लिहायचे पाच शब्द

मराठी मंडळाच्या अंकात इंग्रजी परीक्षेवर लेख कशाला, असं काही जण म्हणतील. प्रश्न रास्त आहे. पण मंडळात येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. कॅट, क्लॅट किंवा आयईएलटीएसच्या उताऱ्यांवर जे अडतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं इंग्रजी कच्चं नसतं. शब्द कळतात, वाक्यं कळतात, विचारलं तर अर्थही सांगता येतो. उत्तर चुकतं ते उताऱ्यात कोण बोलतंय हे हातातून सुटतं म्हणून. आणि हे धरून ठेवायची सोय मराठीत फार चांगली आहे, असं माझं मत आहे. म्हणून हा लेख इथे.

आता हाच परिच्छेद पुन्हा वाचा. पहिलं वाक्य मीच लिहिलंय, पण ते माझं मत नाही, ‘काही जणांचं’ आहे. दुसऱ्या वाक्यात मी त्यांना थोडं मान्य केलं. ‘पण’नंतर माझी बाजू सुरू झाली आणि तिचं सार थेट शेवटी आलं. ‘लेखिकेच्या मते मराठी अंकात इंग्रजी परीक्षेवरच्या लेखाला जागा नाही’ असा एक पर्याय दिला, तर मराठीत तुमच्यापैकी कोणीही त्यावर खूण करणार नाही. हाच परिच्छेद इंग्रजीत, घड्याळ चालू असताना आला, की वर्गातले चांगले चांगले करतात. पर्याय तयार करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. चुकीचे पर्याय ते हवेतून आणत नाहीत, उताऱ्यातूनच उचलतात. फक्त भलत्या माणसाच्या तोंडचे उचलतात.

अशा उताऱ्यांचं वजन किती, तेही सांगते. कॅटमध्ये भाषेच्या विभागाला 40 मिनिटं असतात आणि अलीकडच्या वर्षांत त्यातल्या 24 प्रश्नांपैकी 16 प्रश्न चार उताऱ्यांवर येतात. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायांचा प्रश्न चुकला तर एक वजा. आयईएलटीएसच्या ॲकॅडमिक वाचनात तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. त्यातल्या किमान एका उताऱ्यात सविस्तर युक्तिवाद असतो, हे परीक्षा घेणारेच जाहीर करतात. क्लॅटचे उतारे साधारण 450 शब्दांचे, आणि शामीरपेटच्या नालसारकडे डोळे लावून बसलेले आपल्यात बरेच आहेत. तेव्हा हा विषय दोन-चार मार्कांचा नाही.

आधी दुसऱ्याचं म्हणणं मांडायचं, मग ते खोडायचं, ही रीत काही इंग्रजांनी आणलेली नाही. आपल्याकडे तिला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. जुने भाष्यकार प्रतिपक्षाचं म्हणणं इतकं नीट मांडत, की नवख्याला ते त्यांचंच वाटावं. मग ‘इति चेत्, न’ येई. म्हणजे ‘असं म्हणाल, तर नाही’. आपल्या कॉलेजात ‘रोमकरांस पत्र’ ऐकलेल्यांनाही हे ओळखीचं वाटेल: पौल समोरच्याचा प्रश्न आपल्याच तोंडाने विचारतो आणि लगेच तो झटकून टाकतो. परीक्षेचा उतारा याच जातीचा असतो. फरक एवढाच, की तिथे ‘न’ इतका मोठ्याने म्हटलेला नसतो.

माझी युक्ती साधी आहे. उतारा वाचताना समासात, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेत, प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढे पाचांपैकी एक मराठी शब्द लिहायचा: म्हणे, खरं, पण, कारण, म्हणून. वाक्याचा अर्थ लिहायचा नाही. ते वाक्य काय काम करतंय, एवढंच.

‘म्हणे’ हा आपल्या भाषेचा दागिना आहे. ‘तो आजारी होता’ आणि ‘तो म्हणे आजारी होता’ यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. बोलणारा त्या माहितीची जबाबदारी घेत नाही, कधी कधी तर त्याला ती पटलेलीच नाही, हे दोन अक्षरांत कळतं. इंग्रजीत हेच काम निरनिराळे शब्द वेष बदलून करतात: ‘इट इज ऑफन सेड’, ‘क्रिटिक्स आर्ग्यू’, ‘सपोज्डली’, ‘सो-कॉल्ड’, ‘इट मे सीम दॅट’. ‘मेनी बिलीव्ह’ने परिच्छेद सुरू झाला, की त्या अनेकांची आता काही धडगत नाही असं समजायला हरकत नाही. यांपैकी काहीही दिसलं की समासात ‘म्हणे’ लिहा. आणि लक्षात ठेवा, एकदा लागलेलं ‘म्हणे’ पुढच्या वाक्यांवरही चालू राहतं. इंग्रजी लेखक दर वाक्याला ‘क्रिटिक्स आर्ग्यू’ लिहीत नाही. एकदा लिहितो आणि पुढची तीन वाक्यं साध्या सरळ विधानांसारखी सोडून देतो. घात तिथेच होतो.

‘खरं’ म्हणजे मान्यता. ‘तुमचं खरं आहे हो, पण…’ मधलं खरं. इंग्रजीत ‘टु बी शुअर’, ‘ॲडमिटेडली’, ‘नो डाउट’, ‘ऑफ कोर्स’. ‘ऑफ कोर्स’ म्हटलं की आपल्याला लेखक ठामपणे काही सांगतोय असं वाटतं. युक्तिवादात पुष्कळदा तो तिथे एक पाऊल मागे घेत असतो, दोन पुढे टाकण्यासाठी.

इथे जरा थांबते, कारण मराठीतून येणाऱ्यांची खरी अडचण मला इथे दिसते. आपली भाषा जोडीने चालते. जर म्हटलं की तर, जो म्हटला की तो, जरी म्हटलं की तरी. दोन्ही टोकांना खुंटी असते. ‘उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम जरी भारतीय भाषा असली, तरी ती संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा नव्हती.’ ‘तरी’ आला की मुख्य गोष्ट सुरू झाली हे कान सांगतो. इंग्रजीत हेच वाक्य असं येईल: ‘ऑलदो द युनिव्हर्सिटी टॉट इन ॲन इंडियन लँग्वेज, इट वॉज नॉट द लँग्वेज ऑफ मोस्ट पीपल इन द स्टेट.’ जरी आहे, तरी नाही. तरीच्या जागी नुसता स्वल्पविराम. आपला कान तरीची वाट बघत राहतो आणि मुख्य विधान हळूच समोरून निघून जातं.

याहून अवघड म्हणजे इंग्रजीत हे वाक्य उलटंही येतं. मुख्य विधान आधी, ‘ऑलदो’ मागाहून. मराठी वाक्याचं वजन बहुधा शेवटी, क्रियापदापाशी पडतं, म्हणून आपण वाक्याची शेपूट लक्षात ठेवतो. उलट्या वाक्यात शेपटीला असते ती नुसती मान्यता, आणि मुद्दा डोक्यापाशी राहून जातो. उपाय एकच. ‘ऑलदो’, ‘दो’, ‘इव्हन इफ’, ‘डिस्पाइट’ कुठेही दिसला, तरी मनात वाक्य मराठी क्रमाने लावायचं: जरी… तरी…. ‘तरी’पुढे जे येईल ते लेखकाचं. ‘व्हाइल’चंही तसंच. तो दिसला की आपण ‘असताना’ म्हणतो, पण युक्तिवादात तो पुष्कळदा ‘जरी’ असतो.

(उस्मानियाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. 1918 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं, आणि भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. संस्थानातली बहुतेक जनता मात्र तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. बीड-परभणीहून आलेल्या मराठी मुलाला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. यात ‘खरं’ कोणतं आणि ‘पण’ कोणतं, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे. हीच दोन तथ्यं उलट क्रमाने मांडून नेमका विरुद्ध लेख लिहिता येतो. वाद तथ्यांचा नसतो, मांडणीचा असतो तो असा.)

‘पण’बद्दल थोडंच. ‘बट’ सगळ्यांना दिसतो, वाक्याच्या सुरुवातीचा ‘येट’ निम्म्यांना दिसतो, आणि वाक्याच्या मध्ये दोन स्वल्पविरामांत लपलेला ‘हाउएव्हर’ फार थोड्यांना. त्याला ‘मात्र’ म्हणा, लगेच सापडेल. ‘मात्र’ही असाच ज्या शब्दावर जोर आहे त्याच्या मागे जाऊन बसतो: ‘पुण्यात चाललं, हैदराबादेत मात्र नाही.’ मधल्या ‘हाउएव्हर’च्या आधीचा शब्द कोणता ते बघितलं, की विरोध कशाशी आहे हे बहुतेक वेळा कळतं. ‘कारण’मध्ये ‘सिन्स’पासून सावध राहायचं, शाळेत आपण त्याचा अर्थ ‘पासून’ असा पाठ केलेला असतो. आणि ‘म्हणून’ तर बरेचदा लिहिलेलंच नसतं, आपण काढायचं असतं. ते कसं, हे एका उताऱ्यावर बघू.

उतारा मी तयार केला आहे. परीक्षेत तो इंग्रजीत येईल. आपला अंक मराठी, म्हणून मराठीत देते. भाषा बदलली तरी रचना तीच राहते. आकडे वाक्यांचे आहेत.

(1) मुसीच्या 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात हजारो माणसं गेली; त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय झाले, 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर. (2) या जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत वसाहती, मोठी हॉटेलं आणि प्रदूषण करणारे उद्योग यांना मनाई करणारा 1996 चा शासन आदेश आता कालबाह्य झाला आहे, असं वारंवार मांडलं जातं. (3) शहराला आज कृष्णा आणि गोदावरीचं पाणी मिळतं. या दोन तलावांवर त्याची तहान अवलंबून राहिलेली नाही. (4) शिवाय आपल्याच जमिनीला योग्य भाव मिळत नाही, ही तिथल्या गावकऱ्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. (5) या युक्तिवादात मात्र जलाशय म्हणजे केवळ पाण्याची टाकी असं गृहीत धरलेलं आहे. (6) ते मुळात बांधले गेले पूर अडवण्यासाठी. (7) पाणलोटात सिमेंट वाढलं, तर पावसाचं पाणी जमिनीत न मुरता वेगाने तलावात येईल आणि दरवाजे कधी, किती उघडायचे हे ठरवायला वेळ कमी मिळेल. (8) गावकऱ्यांचं नुकसान भरपाईने भरून काढता येतं. पुरात गेलेली माणसं भरपाईने परत येत नाहीत.

(2022 मध्ये राज्य सरकारने ही बंधनं उठवण्याचा आदेश काढला, त्यावरही वाद झाला. उताऱ्यात ते नाही, म्हणून प्रश्न सोडवताना तेही डोक्यात आणायचं नाही. गंडीपेटला सहलीला गेलेल्यांना ही शिस्त विशेष जड जाते.)

आता समास भरू. पहिल्या वाक्याला काही लिहू नका. ती पार्श्वभूमी आहे. दुसऱ्यापुढे ‘म्हणे’. तिसऱ्यापुढे काय? ‘म्हणे’च, म्हणजे ‘म्हणे’चं कारण. वाक्यात ‘असं मांडलं जातं’ नाही, विधान सरळ आहे, आणि लेखकाला ते तथ्य म्हणून नाकारायचंही नाही. तरी ते कामाला लागलंय दुसऱ्या पक्षाच्या. वाक्य खरं असणं आणि ते लेखकाच्या बाजूचं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं ठरवलंत, तर हे ठेवा. चौथं वाक्य ‘खरं’. तिथे आवाज बदलला. ‘निराधार म्हणता येणार नाही’ असं दोन नकारांच्या आडून का होईना, लेखक स्वतः मान्य करतोय. पाचवं ‘पण’. सहावं, सातवं ‘कारण’. आठव्यात लेखक चौथ्या वाक्यातल्या ‘खरं’कडे परत जातो आणि त्याचा हिशेब मिटवतो. ज्या लेखकाने मान्यता दिली आणि नंतर तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, त्याच्यापेक्षा हा लेखक प्रामाणिक, असं मी म्हणेन. आणि ‘म्हणून’? ते कुठेच नाही. ‘म्हणून बंधनं राहावीत’ हे वाक्य उताऱ्यात लिहिलेलंच नाही.

मुख्य मुद्दा विचारला आणि चार पर्याय दिले. एक: शहर आता या तलावांवर अवलंबून नसल्यामुळे बंधनांची गरज उरलेली नाही. दोन: गावकऱ्यांच्या तक्रारीला आधार नाही. तीन: जलाशयांचा विचार पुरापासूनचं संरक्षण म्हणून व्हायला हवा, त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या कारणावरून बंधनं सोडणं योग्य नाही. चार: अनिर्बंध बांधकाम हे हैदराबादच्या पुरांचं प्रमुख कारण आहे.

पहिला सगळ्यांना ओळखीचा वाटतो, कारण त्यातले शब्द उताऱ्यातले आहेत. समासात मात्र त्याच्यापुढे ‘म्हणे’ लिहिलंय. दुसरा ‘खरं’ उलटं करून बनवलाय. दोन नकारांतला एक गळाला की हा पर्याय तयार. चौथा सर्वांत फसवा, कारण तो शहाणपणाचा वाटतो आणि कदाचित आपलं स्वतःचं मतही तेच असतं. पण लेखक दोन जलाशयांच्या पाणलोटाबद्दल बोलतोय, सगळ्या शहराच्या सगळ्या पुरांबद्दल नाही. उरला तिसरा, ज्यातला ‘म्हणून’ आपण काढला होता तोच.

याच उताऱ्यावर आयईएलटीएसच्या पद्धतीचे प्रश्न करून बघा. तिथे विधान लेखकाच्या मताशी जुळतं का, उलट जातं का, की त्याबद्दल उताऱ्यात काहीच नाही, यांतून निवडायचं असतं. ‘गावकऱ्यांच्या तक्रारीत तथ्य आहे’: जुळतं. ‘सरकारने गावकऱ्यांना भरपाई दिली आहे’: काहीच नाही. नुकसान भरून काढता येतं, एवढंच लेखक म्हणाला. कोणी काढलं का, हे नाही. इथे बरेच जण ‘उलट जातं’ लिहितात, कारण भरपाई मिळाली नसणार असं त्यांना आयुष्याने शिकवलेलं असतं. आयुष्य बाहेर ठेवायचं.

आणखी एक सापळा मला मराठी उदाहरणानेच सांगता येतो. 1891 चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या या कायद्याला आगरकरांनी ‘सुधारका’तून पाठिंबा दिला, टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. यावरून ‘टिळकांच्या मते बालविवाह चांगला होता’ असा पर्याय दिला, तर घाईत बरेच जण त्याला होकार देतील. पण टिळकांचा मुख्य आक्षेप वेगळ्या जागी होता: परकीय सरकारने कायदा करून आमच्या सामाजिक चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा समाजातूनच व्हावी. तो आक्षेप पटो न पटो (मला आगरकरांचं पटतं), भांडण नेमकं कशावर आहे हे नीट वाचलं पाहिजे. एखाद्या उपायाला विरोध म्हणजे दुखण्याला पाठिंबा नव्हे. इंग्रजी उताऱ्यांत पर्यावरण, तंत्रज्ञान, वस्तुसंग्रहालयं, भाषा कशावरही वाद असो, हा पर्याय कुठल्या ना कुठल्या रूपात हजर असतो.

सगळे उतारे पूर्वपक्षाने सुरू होत नाहीत. काहींत लेखक पहिल्याच वाक्यात आपलं मत सांगून मोकळा होतो आणि पुढे नुसती ‘कारणं’ रचतो, ते सोपे. काहींत एकाच घटनेची दोन स्पष्टीकरणं येतात, दोन्हींपुढे ‘म्हणे’ लागतं आणि शेवटी लेखक एकाकडे झुकतो किंवा दोन्ही अपुरी ठरवतो. अशा वेळी ‘म्हणे 1’, ‘म्हणे 2’ लिहा. झुकाव बहुधा एखाद्या विशेषणात असतो, तिकडे डोळा ठेवा.

कॅटसारख्या परीक्षा संगणकावर होतात, तिथे समास नसतो. कच्च्या कामाच्या कागदावर परिच्छेदांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एक शब्द. वाक्यावाक्याला लिहीत बसलात तर वेळ जाईल. वाक्यागणिक काम घरच्या सरावासाठी. सरावाला सुरुवात मराठी अग्रलेखापासून करा, कारण तिथे भाषेचा अडथळा नसतो आणि रचना उघडी पडते. आठ-दहा दिवसांनी इंग्रजी पेपरमधल्या मतांच्या पानाकडे जा. परीक्षेत एक पथ्य मात्र पाळाच: कागदावर एखादं ‘पण’ उमटल्याशिवाय किंवा उतारा पूर्ण संपल्याशिवाय पर्यायांकडे बघू नका. काही लेखक त्यांचं ‘पण’ शेवटच्या परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीपर्यंत खिशात ठेवतात.